अप्पांचं आवडतं गाणं

“अहो, माणूस जिवंत आहे अजून आत!” कडुलिंबाखाली उभी राहून तिलकवती ओरडली.

दुरैपांडी झाडावर कर्णा बांधत होता. त्याने खाली पाहिलं. “मला काय सांगता ताई? तुमच्या अण्णांनी बोलावलंय. ऐन वेळी माझे कर्णे दुसरीकडे गेले तर पंचाईत तुमचीच.”

आणि कर्णा नीट वाजतो का ते बघायला त्याने गाणं लावलंसुद्धा. देह म्हणजे भाड्याचं घर, असलं काहीतरी. मयताच्या घरी लावतात तसलं जुन्या सिनेमातलं. गल्लीला एवढं पुरे होतं. समोरची बाई हातातलं काम टाकून धावत आली, आणि ‘अजून नाही’ कळल्यावर चक्क हिरमुसली.

शी! तिलकवती तिच्याकडे पाठ फिरवून घराकडे वळली.

ओसरीवर भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांत बसून नातेवाईक कॉफी ढोसत होते आणि पहिलं गाणं कुठलं लावायचं यावर तावातावाने भांडत होते. काका म्हणत होते, आधी रिकाम्या पिंजऱ्याचं. मामा म्हणत होते, छे, ते तर हल्ली कुणाच्याही मयताला लावतात. आत तिचे वडील, अप्पा, आठवडाभर मुके पडले होते आणि इथे पसंती चालली होती, लग्नाची साडी निवडावी तशी.

अप्पांच्या खोलीच्या दारात कदिरेसन उभा होता, तिचा थोरला भाऊ.

“आलीस ते बरं केलंस. पण इथूनच बघ. जवळ जाऊ नकोस.”

“का?”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“आणि झाडावर कर्णा बांधायलाही डॉक्टरांनीच सांगितलं का रे अण्णा?”

कदिरेसनने दारात हात आडवा धरला. हे त्याचं नेहमीचंच. बारा वर्षं ती फोन करत होती आणि बारा वर्षं हाच उचलत होता. अप्पा झोपलेत. अप्पा शेतावर गेलेत. अप्पांना हल्ली नीट ऐकू येत नाही. एकदाही त्याने अप्पांना फोन दिला नाही. बहीण लांब राहिली तर शेत एकट्याला मिळतं, हे कळायला काय फार अक्कल लागते?

तिने लग्न केलं मुनियप्पनशी. तो रुळांपलीकडच्या वस्तीतला. त्या वस्तीतला माणूस कामाला आला तर या घरात त्याचा पेला अजून मागच्या भिंतीवर वेगळा असतो. ती पहाटे घरातून निघाली, उशीखाली चिठ्ठी ठेवून. अप्पांचं तोंडसुद्धा बघितलं नाही. पण अप्पा समजून घेतील याची तिला खात्री होती. त्यांनीच तर तिला ते गाणं शिकवलं होतं.

रेडिओवर ते लागलं की अप्पांचा हात ताटातच सुकायचा. चूल लाकडाला त्याचं रान विचारत नाही, अशी त्यात ओळ होती. “बघ तिलका,” अप्पा म्हणायचे, “कवी विचारू नकोस म्हणत नाही. चूल विचारत नाही, एवढंच सांगतो. उपदेशाचं नाव नाही! म्हणून तर काळजाला भिडतं.” आणि डोळे पुसायचे. शेजारच्या पोरांनाही बोलावून समजावायचे. सांबार गार झालं म्हणून आई करवादायची. तिलकवती मात्र ती ओळ घेऊनच मोठी झाली.

आता तिला शेत नको होतं, काही नको होतं. अप्पांनी एकदा तिच्याशी बोलावं, बस.

ती तरातरा बाहेर गेली. “दुरैपांडी, ते चुलीचं गाणं आहे का तुमच्याकडे?”

“आहे की. पण ते मयताला कोणी लावत नाही ताई.”

“इथे मयत झालेली नाही! लावा.”

कदिरेसन मागून धावत आला. तिने आजवर कधी पाहिला नव्हता इतका घाबरलेला.

“तिलका, ते नको लावूस.”

“का? अप्पा उठून बसतील म्हणून?”

“तसं नाही गं. बघून झालं ना? आता गाडीत बस आणि जा. पोरांना सांग, आजोबा झोपले होते. असंच जा.”

“किळस येते रे मला तुझी,” ती म्हणाली. “बापाच्या मरणाची खुर्च्या मांडून वाट बघतोस, आणि वर मला शहाणपण शिकवतोस?”

तो बाजूला झाला.

गाणं सुरू झालं. ओसरीवरची भांडणं थांबली. तिलकवती सरळ आत शिरली, खाटेवर बसली आणि अप्पांचा सुकलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला. “अप्पा, मी आलेय. ऐकताय ना?”

चुलीची ओळ आली आणि अप्पांचे डोळे उघडले.

दारात गर्दी झाली. मामांच्या हातातली कॉफी सांडली. अप्पांनी गाणं ऐकलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. मग त्यांनी मान वळवली आणि तिला नीट ओळखलं. ओठ हलले. रडत रडत तिने आपला कान त्यांच्या तोंडाशी नेला.

अप्पांचा आवाज बारीक होता, पण शब्द पहिल्यासारखेच स्वच्छ होते.

“कदिरेसा, हिने मला शिवलंय. हिला बाहेर काढ, आणि मला आंघोळ घाल.”