अकरा खाडे

माईक बंद ठेवायचा म्हटल्यावर लंकाबाईचं तोंड उतरलं. तिसगावहून पहिल्या एसटीनं ती नगरला आली होती, पेटीतलं इरकल नेसून, वाटभर साक्ष मनात घोळवत. शेजारी सून अश्विनी. समोर रुपाली वकिलांच्या टेबलावर लॅपटॉप, आणि त्यात थेट संभाजीनगरचं हायकोर्ट.

"मंग मी बोलायचं कवा?"

"आजी, वरचं कोर्ट पुन्हा साक्ष घेत नाही," रुपाली वकील म्हणाल्या. "तुम्ही इथल्या कामगार कोर्टात बोललात ते कागदावर आहे. ते कागद वाचणार आणि खालच्या साहेबांचं कुठं चुकलं का, एवढंच बघणार."

"म्हंजे मानूस जित्ता बसलाय, आन् इचारायचं कागदाला. भले शहाणे."

अश्विनी दूध कंपनीत फॅट काढायची, म्हणजे आलेलं दूध तपासायची. एका बड्या माणसाच्या दुधात पाणी आहे असं तिनं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वॉचमन तिला आत सोडेना. सासू-सुना अकरा दिवस गेटावर बसल्या, एक या खांबाला, एक त्या खांबाला. कुठूनही गाडी आली तरी कुणी बघितलं नाही म्हणायला जागा नको. कंपनी म्हणाली, बाई आपणहून काम सोडून गेली. कामगार कोर्टानं कामावर परत घ्या असं सांगितलं. कंपनी वर गेली. आता वरचं कोर्ट म्हणेल ते खरं.

पडद्यावर कंपनीचा वकील इंग्रजीत बोलत होता. रुपाली वकील हळूच मराठीत सांगत होत्या.

"ते म्हणतायत, सासूनंच कबूल केलंय की सून अकरा दिवस गैरहजर होती."

"मी कवा म्हनलं असं?" लंकाबाई उठून लॅपटॉपशी गेली. "ए काळ्या कोटवाल्या, गेटावं तू हुतास का मी हुते?"

"आत्याबाई, खाली बसा. त्येन्ला ऐकू जात न्हाई," अश्विनी म्हणाली.

वरच्या न्यायाधीश बाईंनी मात्र चष्मा काढला. इंग्रजी तर्जुमा बाजूला सारून मूळ मराठी पान मागवलं आणि मोठ्यानं वाचलं:

"खाडा सुनेनं केला न्हाई. ती गेटावं हुती. खाडा हजेरीवाल्यानं मांडला."

स्वतःचंच बोलणं तिकडून ऐकू आल्यावर लंकाबाई मटकन खुर्चीत बसली. तिला नगरच्या कामगार कोर्टातला तो किडकिडीत साहेब आठवला. तिनं खाडा म्हटल्याबरोबर त्यानं टाइप करणाऱ्या बाईला हात करून थांबवलं होतं. विचारलं होतं, "आजी, खाडा केला, का मांडला?" ती फणकारली होती, "एवढं शिकलात आन् येवढं कळंना व्हय? करनारा येगळा, मांडनारा येगळा." कोर्ट हसलं होतं. साहेब हसला नव्हता. "बाईंचे शब्द आहेत तसेच घ्या," एवढंच म्हणाला होता. त्या दिवशी ती घरी येऊन सांगत सुटली होती, की साहेब जरा मंद दिसतो.

वरच्या बाई आता मराठीतच बोलत होत्या. "साक्षीदाराला खालच्या न्यायाधीशांनी समोर बसवून ऐकलंय. आमच्यापुढं कागदच आहे. त्यांनी तिचा शब्द बदलला नाही, तो तर्जुम्यात बदलला. खालचा निकाल कायम."

रुपाली वकिलांनी लॅपटॉप मिटला. अश्विनी पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"रडतीस काय? उद्या कामावं जायचंय," लंकाबाई म्हणाली. "वकीलबाई, ते पान दावा बरं मला."

दुसरीपर्यंतची शाळा. बोट ठेवून तिनं ओळ शोधली. "खा... डा. हाय की." मग बोट थबकलं. टाइप केलेल्या ओळीच्या अलीकडं आणि पलीकडं कुणीतरी पेनानं बारीक शेपट्या काढल्या होत्या.

"आन् ह्या कसल्या?"

"अवतरणचिन्हं ती. हा शब्द तुमचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अशी खूण असते. साहेबांनी स्वतःच्या हातानं घातलीय."

लंकाबाईनं पान डोळ्यांजवळ नेलं.

"अश्विने, हे बघ," ती म्हणाली. "एक ह्या खांबाला, एक त्या खांबाला. आपुन दोघी बसलो हुतो तशा."