मनाईच्या अकरा पाट्या

"मागची बाजू खरबरीत आहे," अध्यक्ष म्हणाले.

सुतारबाबांनी रंधा खाली ठेवला. "अहो साहेब, पाटीची मागची बाजू बघतं कोण?"

"कुणाच्या हातात कुसळ गेलं तर लोक माझ्याच नावानं खडे फोडतील. परत घासा. आणि कडा गोल करा."

"पाटी आहे की पाळणा!" सुतारबाबा पुटपुटले, पण घासायला लागले.

इमारतीच्या अध्यक्षांचं सगळं असंच. हसलं तर चष्मा पडेल, या भीतीने ते तीस वर्षं हसले नव्हते म्हणे. पोरांनी त्यांचं नाव 'मनाईआजोबा' ठेवलं होतं. इमारतीत बिऱ्हाडं शेहेचाळीस आणि मतं सत्तेचाळीस, कारण वकीलबाई दोन्ही बाजूंनी बोलत. पाण्याच्या टाकीच्या झाकणाला कोणता रंग द्यावा यावर ही मंडळी तीन वर्षं भांडत होती, आणि टाकी तोवर उघडीच होती. मागच्या अंगणात पोरांना खेळायला काहीतरी बांधावं, अशी एक निनावी चिठ्ठी दरवर्षी सूचनापेटीत निघे. अध्यक्ष ती सपाट आवाजात वाचत, सभा ती उडवून लावी, आणि अध्यक्ष तिच्यावर 'नामंजूर'चा शिक्का हाणत.

एकमत व्हायचं ते फक्त मनाईवर. अध्यक्षांनी 'अंगणात पळू नये' अशी पाटी सुचवली मात्र, सगळ्या बिऱ्हाडांचे हात वर. वकीलबाईंचे तर दोन्ही. पुढच्या महिन्यात 'ओरडू नये'. मग 'चढू नये', 'घसरू नये', 'लोंबकळू नये'. बघता बघता अकरा ठराव झाले. बाराव्याने तर कहरच केला. एकदा लागलेली पाटी सगळ्या शेहेचाळीस बिऱ्हाडांच्या सह्या असल्याशिवाय काढता येणार नाही! तोही अध्यक्षांनीच मांडला. टाळ्या पडल्या.

पाट्यांचं काम आलं सुतारबाबांकडे. सुट्टीच्या पहिल्या सकाळी सगळ्या एकदम लावायच्या. मापं अध्यक्षांनी आपल्या डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहून दिली होती. ही नऊ फूट, ती दोन फूट, जाडी दीड इंच, भोकं इथे आणि इथे. शिवाय जमिनीत रोवायला चार जाड खांब.

"'घसरू नये' एवढं लिहायला नऊ फूट फळी?" सुतारबाबांनी विचारलं.

"लांबून दिसलं पाहिजे."

खरं दुखणं वेगळंच होतं. सुतारबाबांची लेक त्याच इमारतीत राहायची, आणि तिची सात वर्षांची पोर म्हणजे पायाला भिंगरी. नावही भिंगरीच पडलं होतं. शाळेत हाताची घडी, गाडीत पट्टा, घरात खालच्या मजल्यावरचे कुरकुरतात म्हणून चवड्यांवर चालणं. तिच्या वाट्याचं उरलं होतं ते एक अंगण. एकदा ती आजोबांच्या कारखान्यात आली आणि तिनं अक्षरं लावत एकेक पाटी वाचली.

"आजोबा, हे तुम्ही केलंत?"

"काम आहे गं, बाळा."

"मग मी कुठे खेळू?"

सुतारबाबांनी उगाचच एका खिळ्यावर फुंकर मारली.

"मी तुमच्याशी बोलणार नाही," ती म्हणाली, आणि खरंच बोलली नाही. एरवी तिच्या बडबडीने सुतारबाबांच्या कानातला भुसा उडून जायचा. आता नऊ दिवस तो तसाच साठला. पोर जिन्याच्या पायरीवर बसून राही, शाळेतल्यासारखी हाताची घडी घालून. ती घडी त्यांच्या जिव्हारी लागली.

ते तडक अध्यक्षांच्या दारात गेले. "साहेब, मला हे काम नको. दुसरा सुतार बघा."

"कडा गोल झाल्या?"

"झाल्या. पण माझी नात..."

"माहीत आहे. जिन्यात बसते." अध्यक्षांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "उद्या सकाळी सगळ्या पाट्या घेऊन या. मग हवं तर सोडा काम."

दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाला नाही, असं म्हणत सुतारबाबा परतले.

सकाळी पाट्या हातगाडीवरून अंगणात आल्या. खिडक्या-खिडक्यांत पोरांची पडलेली तोंडं दिसत होती. भिंगरी पायरीवर. अध्यक्ष बाह्या सरसावून उभे होते. पायाशी बोल्टांचा डबा आणि जाड दोरखंड.

"खांब रोवा," ते म्हणाले. "आता पाट्या पालथ्या करा."

"पालथ्या? मग वाचणार कोण?"

"किती पाट्या, ते ठरावात आहे. कोणत्या बाजूने लावायच्या, ते नाही. धरा."

सुतारबाबांनी पहिल्या फळीचं भोक दुसरीच्या भोकावर ठेवलं. बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा गेला. मग तिसरी, मग चौथी. त्यांचे हात थबकले, आणि मग असे चालू लागले की जणू वयाची वीस वर्षं गळून पडली.

नऊ वाजता वकीलबाई गॅलरीत आल्या. "अहो, हे काय उभं केलंत? आधी काढा ते!"

"जरूर," अध्यक्ष म्हणाले. "शेहेचाळीस सह्या आणा."

"आजोबा, बाजूला व्हा!" वरून आवाज आला. नऊ दिवसांनी! 'चढू नये'च्या पाठीवर चढून भिंगरी 'घसरू नये'च्या टोकाला उभी होती. "मी येतेय!"

ती आली, तिच्यामागे सगळी इमारतभरची पोरं आली, आणि पोरांच्या मागोमाग, चष्मा हातात धरून, खदखदा हसत मनाईआजोबा आले. घसरताना त्यांच्या खिशातून एक जुना कागद पडला. सुतारबाबांनी तो उचलला. सूचनापेटीतली ती निनावी चिठ्ठी, वर 'नामंजूर'चा शिक्का, आणि अक्षर डावीकडे झुकलेलं.