उत्तर सापडलं का?

नव्या घराचा सत्यनारायण होता. आभाळ भरून आलेलं, म्हणून चौरंगाची दिशा बघायला गुरुजींनी होकायंत्र काढलं, तर काटा थेट यजमानांकडे वळला. यजमान हेरंब हळूच डावीकडे सरकला. काटाही त्याच्यामागून सरकला.

"अहो," त्याची बायको मृदुला दातओठ खात म्हणाली, "श्रावणात तिसऱ्या खाल्ल्यात?"

नाही म्हणायची सोयच नव्हती. खाडीचा कुजका वास घालवायला शास्त्रज्ञांनी चिखलात नवे जिवाणू सोडले होते. ते वासाच्या गंधकाची लोखंडाशी गाठ मारून काळे, चुंबकी कण बनवत. वास गेला खरा, पण कण खाडीतल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, पोटात गेले आणि तिसऱ्या खाणारा माणूस दोन दिवस चालताबोलता लोहचुंबक होऊ लागला.

"जावईबापू, श्रावण पाळायचं कबूल केलं होतंत ना?" सोवळ्यातल्या सासूबाई कडाडल्या. "आधी अंगणात व्हा!"

हेरंब मान खाली घालून पार फाटकापर्यंत गेला. गुरुजींनी पुन्हा होकायंत्र धरलं. काटा थरथरला, अर्धा फिरला आणि सासूबाईंच्या पोटावर येऊन ठाम थांबला.

"गुरुजी, उत्तर सापडलं का?" हेरंबने फाटकातून ओरडून विचारलं.

"सापडलं," मृदुला आईकडे बघत म्हणाली.

सासूबाईंनी पदर पोटावर ओढून घेतला. "गुरुजी, सूर्य इथे कुठून उगवतो ते मी सांगते. ठेवा ते यंत्र पिशवीत! आणि जावईबापूंना आत बोलवा, मुहूर्त टळतोय."