स्तुती तमिळमध्ये

रेफरीने पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि तंजावूरच्या बाजूचे सगळे प्रेक्षक मैदान सोडून जयतीर्थरावांकडे बघायला लागले.

जयतीर्थराव कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर ताकाची बाटली घेऊन बसले होते.

"मामा, बोला," शेजारचा चिदंबर तमिळमध्ये म्हणाला. "एकच वाक्य. वेळ जातोय."

कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमचे जयतीर्थराव हे सर्वांत जुने चाहते. चाहता म्हणजे टाळ्या वाजवणारा, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हे पटलं नसतं. आपल्या मुलींचं त्यांनी आजवर एकदाही कौतुक केलं नव्हतं. आपल्या लेकराला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे त्यांच्या घरात वरणभाताइतकं पक्कं होतं. नवं बाळ पाहून आत्याने "काय माकड जन्मलंय" म्हणायचं आणि आईने समाधानाने हसायचं. तीच रीत त्यांनी मैदानावर आणली. आपल्या पोरींना शेलकी बोलणी, तीही मराठीत, म्हणजे घरच्या भाषेत. स्तुती फक्त समोरच्या टीमची, आणि ती खणखणीत तमिळमध्ये, सगळ्यांना कळेल अशी.

स्तुतीचा गुण येत होता. क्वार्टर फायनलला त्यांनी कुंभकोणमच्या गोलकीपरचे हात वाखाणले, तर तिच्या हातांतून बॉल लोण्यासारखा निसटला. सेमीफायनलला पुदुक्कोट्टैच्या एका मुलीला ते "हरिणी" म्हणाले आणि ती लंगडत बाहेर गेली. नंतर जयतीर्थराव तिला बर्फ देऊन आले, एक अक्षर न बोलता. टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. त्यात कोचचा वाटा किती आणि मामांचा किती, यावर कॅन्टीनमध्ये दोन मतं होती.

आज कप आला तर मैदान राहणार होतं. नाही तर प्रिन्सिपॉलसाहेब तिथे परीक्षेचा हॉल बांधणार होते. तसं त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं. मॅच बरोबरीत होती आणि शेवटची मिनिटं उरली होती.

आणि ठिपक्यापाशी बॉल ठेवत होती हरिता.

गेल्या वर्षापर्यंत ती इथलीच होती. मामांची मराठी शब्दान् शब्द कळणारी टीममधली ती एकटी. बाकीच्यांना तीच अर्थ सांगायची, वर स्वतःचं थोडं मीठमिरची लावून. पुढे तर अर्थाची गरजही राहिली नाही. मराठी कानावर आली की पोरी समजायच्या, मामा आलेत, आपलं बरं चाललंय. मग तिरुच्चीच्या एका कॉलेजने होस्टेल, बूट आणि रोजची अंडी देऊ केली, तशी हरिता गेली. जाताना कडुनिंबाखाली येऊन पाया पडली आणि म्हणाली, "मामा, आता समोरून खेळायला आले तर माझी स्तुती करणार तुम्ही?"

जयतीर्थराव तेव्हा ताकाच्या बाटलीचं झाकण लावत होते. ते बराच वेळ लागत नव्हतं.

"'कसला पाय आहे पोरीचा', एवढंच म्हणा," चिदंबर म्हणाला. "तिला काही होणार नाही. नुसता बॉल बाहेर जाईल."

"पाय मुरगळला तर?"

"नाही हो मुरगळत. स्तुती जरा बेताची करा."

हरिताने बॉलवरची नजर उचलली. पण तिने गोलकडे पाहिलं नाही, कडुनिंबाकडे पाहिलं. शर्ट तिरुच्चीचा होता, नवा कोरा निळा. वेणी मात्र तशीच वर बांधलेली आणि एक बट तशीच सुटलेली.

जयतीर्थराव उठले. तंजावूरच्या बाजूला कुणी हातातलं हरभऱ्याचं सुंडलसुद्धा चावत नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"अगे, उभी काय राहिलीस खांबासारखी?" ते मराठीत ओरडले. "ते पाय आहेत की मुसळं? तुझ्याच्याने काय होणार आहे, कपाळ!"

चिदंबरने डोक्याला हात लावला. त्याला मराठी येत नव्हती. पण ती मराठी आहे, एवढं कळणं पुरेसं होतं.

हरिताने मान खाली घातली. बाहीने डोळे पुसले की घाम, ते इतक्या लांबून कळलं नाही. मग ती धावत आली आणि बॉल जाळीच्या वरच्या कोपऱ्यात असा जाऊन बसला, जसा काही तो तिथेच राहायला होता.

शेवटची शिट्टी वाजली. तिरुच्चीच्या पोरी नाचायला लागल्या.

"झालं, मामा," चिदंबर म्हणाला. "मैदान गेलं. आता टीमचं पुढे काय?"

"पुढच्या वर्षी पहिल्याच मॅचला आपटणार," जयतीर्थराव मोठ्याने मराठीत म्हणाले. खालमानेने बाहेर निघालेल्या तंजावूरच्या मुलींना ते ऐकून जरा धीर आला.

मग त्यांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या, बाटली चिदंबरच्या हातात दिली आणि ते सरळ बक्षिसांच्या मांडवाकडे निघाले. तिथे प्रिन्सिपॉलसाहेब पाहुण्यांना हात लांब करून दाखवत होते, हॉल कुठून कुठपर्यंत येणार ते. जयतीर्थरावांनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि खणखणीत तमिळमध्ये सुरुवात केली.

"सर, काय देखणी इमारत होणार आहे ही. अशी बुद्धी लाखात एखाद्यालाच असते."

मेडलच्या रांगेत उभी असलेली हरिता रांग सोडून आली. मामांच्या शेजारी उभं राहून तिनेही हात जोडले.

"खरंच, सर," ती तमिळमध्ये म्हणाली. "अशी तर तिरुच्चीतसुद्धा नाही."