साक्षीदाराची सही

स्वरालीने कागद फिरवून पुरुषोत्तमकाकांसमोर सरकवला. खाली, साक्षीदाराच्या रकान्यात, त्यांची सही होती. चष्मा पुसायचीसुद्धा गरज नव्हती. सहीच्या डोक्यावर बारीक ‘श्री’ होता, आणि इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या मराठी मंडळात कुठल्याही कागदावर आधी श्री काढणारा माणूस एकच होता.

“काका, हा सही तुमचाच आहे ना?” स्वरालीने विचारलं. लायब्ररीतल्या मोफत सल्ला केंद्रात ती दर मंगळवारी बसायची. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बोलताना जरा अडखळायची.

“माझीच आहे,” काका म्हणाले.

शेजारी नीना मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. नवरा गेल्यापासून तिचे मॉर्गेजचे हप्ते थकले होते. बँकेची पत्रं यायला लागली तेव्हा काकांनीच तिला मंडळातल्या समरचा नंबर दिला होता. घर वाचवायची सरकारी स्कीम आहे, सगळं तोच करून देतो, मुलगा आपल्यातला आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात वाकून नमस्कार करणाऱ्या मुलाबद्दल आणखी काही विचारावं, असं काकांच्या मनातही आलं नव्हतं.

“नीनाताई, हे स्कीमचं फॉर्म नाहीये,” स्वराली म्हणाली. “इट्स अ ट्रान्सफर. तुम्ही घर समरच्या कंपनीला देऊन टाकलंय. आता ते लोक तुम्हाला बाहेर काढणार.”

मुलीला, ईशानीला, नीनाने यातलं अजून काहीच सांगितलं नव्हतं.

“बट देअर इज वन थिंग.” स्वराली पुढे झुकली. “विटनेसने तुम्हाला सही करताना बघायला पाहिजे. समोर बसून. तसं झालं नसेल तर आपण हे चॅलेंज करू शकतो, गुड चान्स आहे. पण मग विटनेसला तसं लिहून द्यावं लागेल. पोलीस पण त्यांना विचारतील. सो, तुम्ही सही केली तेव्हा काका तिथे होते?”

काकांची नजर पुन्हा कागदावरच्या ‘श्री’वर गेली. कसले होते! मंडळाच्या हॉलमध्ये, जेवणं झाल्यावर, समरने कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला होता. “काका, तुमच्यासारख्या मोठ्या माणसाची सही असली की लोकांना धीर येतो.” एकेका कागदावर श्री काढून त्यांनी सह्या ठोकल्या होत्या. अकरा. वाचला एकही नव्हता. उलट, मनातून सुखावले होते.

नीनालाही हे ठाऊक होतं. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद आला तेव्हा काकांची सही त्यावर आधीच होती. ती बघूनच तर तिने न वाचता आपली केली होती.

आता बोलायलाच हवं, काकांनी स्वतःला बजावलं. त्यांनी घसा खाकरला.

“होते,” नीना म्हणाली.

काकांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती स्वरालीकडे बघत होती.

“समोरच बसले होते. चहासुद्धा घेतला. त्यांना यात ओढू नका हं. आमचे हे गेले तेव्हा सगळं काकांनीच उभं राहून केलं.”

स्वरालीने पेन उचललं. मग तिने विचारलं, “काका? बरोबर आहे?”

येत्या रविवारी मंडळात काकांचा पंचाहत्तरीचा सत्कार होता. नीना यायची होती. बाकीची दहा घरंही यायची होती. काकांना स्वतःची लाज वाटत होती.

“हो,” ते म्हणाले.

स्वरालीने लिहून घेतलं.

बाहेरच्या पायऱ्या ओल्या होत्या. नीनाने पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांचा दंड धरला.

“सांभाळून हं काका. शेवटची पायरी पटकन दिसत नाही.”

काका तिच्या आधाराने खाली उतरले.