बेडीची दुसरी कडी

मुख्यालयाच्या स्टोअरमध्ये हवालदार समाधानने पट्टा, टोपी, शिट्टी आणि बेडी जमा केली. बडतर्फीच्या आदेशात कारण एकाच ओळीत होतं: बेडी काढून कैद्याला पळू दिलं. कैदी तेरसिंग, सातपुड्याच्या पायथ्याचा. आजीपाशी ठेवलेली त्याची चिमुरडी तापाने गेली, म्हणून समाधान त्याला मातीसाठी पाड्यावर घेऊन गेला होता. बेडीची एक कडी तेरसिंगच्या हातात, दुसरी समाधानच्या. माती झाली आणि तेरसिंग रानात दिसेनासा झाला. चौकशीत साहेबांनी विचारलं, “का काढली बेडी?” “साहेब, एका हाताने त्याला लेकरू उचलता येईना.” साहेबांनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं, पण बडतर्फीवरची सही थांबली नाही. आज साध्या शर्टात समाधान फाटकाबाहेर पडला, तर समोर तेरसिंग उभा. मागे त्याची बायको रुपली, तोंडात पदराचा बोळा धरून. “भाऊ, ही गुजरातमा ऊस तोडाले गयथी. पोर गयी हे तिले कोन सांगतं? मीच गयथू सांगाले.” त्याने दोन्ही हात पुढे केले. “आते टाक बेडी.” समाधानचा हात सवयीने कमरेकडे गेला. तिथे पट्टाच नव्हता. मग त्याने तेरसिंगचा हात नुसताच हातात धरला आणि त्याला फाटकापर्यंत आणलं. पहाऱ्यावरच्या शिपायाने दोघांचे हात सोडवले आणि तेरसिंगला आत घेतलं. समाधान त्याच्यामागे निघाला, तेव्हा शिपाई खाली बघून म्हणाला, “भाऊ, आता तुम्हाला आत सोडता येणार नाही.”