चंदाबाईचा हुंकार

कथालेखक प्रेमदास यांची मुलाखत घ्यायला रागिणी भरदुपारी सेनगावजवळच्या तांड्यावर गेली.

"लिहिणं काहून सोडलं तुमी?"

"चंदाबाई गेली ना. गोष्ट आधी बायकोला सांगायचो, मग लिहायचो. आता ऐकणारंच कोणी राहिलं न्हाई."

घरात ती दोघंच होती. रागिणीनं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर एक बाई हळूच "हं" म्हणत होती.

प्रेमदास रडायला लागले. "तिचाच हुंकार हाय, पोरी. पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावलं. हुंकार तसाच होता, पण या वेळी प्रेमदासांचा आवाज त्यात नव्हता.

घाबरून तिनं मोबाइल बंद केला. प्रेमदास तिला काहीतरी सांगत होते. त्यांचे नुसते ओठ हलत होते.

त्यांच्या शेजारून कोणीतरी म्हणालं, "हं."